तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेचं ऑपरेशन: आत्ताच की नंतर, आणि किती?

कातरवेळ
बाबांच्या (वय ६१) जिभेच्या डाव्या कडेला जखम होती, भरेना म्हणून बायोप्सी केली. रिपोर्ट स्क्वेमस सेल कार्सिनोमा. एमआरआयमध्ये ट्यूमर अडीच सेंटिमीटरच्या आत, खोली ६ मिलिमीटर. मानेत सोनोग्राफी आणि एमआरआय दोन्हींत संशयास्पद गाठ नाही. जिभेचा तेवढा भाग काढायचा यावर सगळ्यांचं एकमत आहे. घोळ मानेचा आहे.

पहिले सर्जन म्हणतात, त्याच वेळी डाव्या बाजूचं नेक डिसेक्शन (मानेतल्या लिम्फ नोड्स काढण्याचं ऑपरेशन) करून टाकू, वरच्या तीन-चार लेव्हलपुरतं (लेव्हल म्हणजे मानेचे वरून खाली पाडलेले भाग). दुसरे म्हणतात, मान स्वच्छ दिसतेय तर नुसती जीभ करू, मानेवर लक्ष ठेवू, काही आलंच तर तेव्हा काढू. त्यात नात्यातल्या एका काकांची पूर्वी 'अख्खी मान' केलेली आहे आणि त्यांचा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. बाबांनी ते जवळून पाहिलंय, त्यामुळे मानेचा विषय निघाला की ते गप्प होतात. सेंटिनेल नोड नावाचा तिसराही प्रकार वाचला.

कुठल्या डॉक्टरांकडे जाऊ हे विचारत नाहीये. पुढच्या भेटीत नीट प्रश्न विचारता यावेत एवढंच हवंय.

शंकासुर
मानेत काही दिसत नसताना मान उघडायची? माझ्या बुद्धीला तरी पटत नाही. दुसऱ्या सर्जनचं बरोबर वाटतंय. चूकभूल द्यावी घ्यावी, मी डॉक्टर नाही.

हेडनेकवाला
मी याच कामात आहे. पेशंट न बघता सल्ला देणार नाही, पण गणित काय असतं ते सांगतो.

तोंडाचा कॅन्सर पसरतो तो आधी मानेतल्या लिम्फ नोड्समध्ये. स्कॅनमध्ये नोड 'दिसतो' तो आकाराने वाढल्यावर किंवा आतली रचना बदलल्यावर. दोन-तीन मिलिमीटरची पेशींची वसाहत ना एमआरआयला दिसत, ना पेटला खात्रीने दिसत. म्हणून 'मान स्वच्छ' याचा अर्थ 'स्कॅनला पकडता येईल असं काही नाही' एवढाच घ्यायचा. लपलेला आजार असण्याची शक्यता साधारण २० टक्क्यांच्या वर गेली की मान करावी, असा आडाखा १९९४ पासून वापरात आहे. जिभेत ही शक्यता मुख्यतः खोलीवर ठरते. ट्यूमर किती रुंद आहे यापेक्षा तो किती आत उतरलाय हे महत्त्वाचं. ३-४ मिलिमीटरच्या पुढे गेलं की बहुतेक जण मान करतात. तुमच्या बाबांचे ६ आहेत. कॅन्सरची पायरी ठरवणाऱ्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीत तर ही खोली थेट टी-स्टेजमध्येच (मूळ ट्यूमरच्या पायरीत) धरलीय: ५ मिलिमीटरपर्यंत टी-१, त्यापुढे १० पर्यंत टी-२ (अर्थात आकारही बघतात).

आता शंकासुर यांचा मुद्दा. तो मूर्खपणाचा अजिबात नाही. कित्येक वर्षं सर्जन लोकांतही यावरून दोन तट होते.

आकडेमोड
तो वाद बऱ्यापैकी मिटवला तो मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या चाचणीने. २००४ ते २०१४ या काळात सुरुवातीच्या टप्प्यातले (टी-१, टी-२, एका बाजूचे, मानेत काही न लागणारे) ५९६ पेशंट घेतले. चिठ्ठी टाकून दोन गट. एका गटाची तोंडाबरोबरच मान केली, दुसऱ्यात मानेत गाठ आल्यावरच केली. पहिल्या ५०० जणांचे आकडे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर जिवंत असलेले: आधी मान केलेल्यांत ८० टक्के, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. आजार परत न येता राहिलेले: ६९.५ विरुद्ध ४५.९. आजार परत आला तो अनुक्रमे ८१ आणि १४६ जणांत.

कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत साडेबारा टक्क्यांचा जगण्यातला फरक ही फार मोठी गोष्ट आहे. नवीन औषधं याच्या निम्म्या फरकावर बातमीत झळकतात.

शंकासुर
आकडे मान्य. पण वाट पाहिलेल्या गटातही अर्ध्याच्या आसपास लोकांचं काही बिघडलं नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. म्हणजे त्यांच्यापैकी कुणाची मान आधी केली असती तर ती विनाकारणच ना?

हेडनेकवाला
हो, विनाकारण. पण ते कोण हे आधी ओळखायला आपल्याकडे साधन नाही. खरी मेख पुढे आहे. वाट बघताना मानेत जे उगवतं ते पुष्कळदा आधीच पुढे गेलेलं असतं. नोड मोठा, नोडचं कवच फोडून बाहेर आलेला, कधी शिरेला किंवा स्नायूला चिकटलेला. मग तेव्हाचं ऑपरेशन आजच्यापेक्षा मोठं, वर रेडिएशन, बऱ्याचदा केमोही. 'आत्ता छोटं टाळलं' म्हणून जे वाचलं असं वाटतं ते व्याजासकट फेडावं लागतं. आणि काहींच्या बाबतीत तेव्हा काढण्यासारखंही उरलेलं नसतं.

वाट पाहणं अगदीच चूक आहे असं नाही. ट्यूमर अगदी उथळ असेल, दोन-अडीच मिलिमीटर, पेशंट दर महिन्या-दोन महिन्यांनी तपासायला खात्रीने येणारा असेल, तर मीही थांबतो. ६ मिलिमीटरला मी थांबणार नाही.

कातरवेळ
हे मला इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. मग आता 'किती' हा प्रश्न. काकांसारखं होणार का?

हेडनेकवाला
काकांचं बहुधा रॅडिकल नेक डिसेक्शन झालं असावं. १९०६ मध्ये क्राइल यांनी मांडलेली पद्धत. मानेच्या एका बाजूच्या पाचही लेव्हलचे नोड्स, आणि त्यांच्यासोबत तीन गोष्टी: मानेचा मोठा तिरपा स्नायू (स्टर्नोमॅस्टॉइड), आतली जुग्युलर शीर, आणि खांदा उचलणाऱ्या स्नायूला जाणारी अ‍ॅक्सेसरी नर्व्ह. हेच तिन्ही गेल्यामुळे मान एका बाजूला खोलगट दिसते आणि खांदा पडतो. अर्ध्या शतकाहून जास्त काळ हाच कायदा होता. पुढे साठच्या दशकात सुआरेझ यांनी दाखवलं की नोड्स आणि चरबी ज्या पापुद्र्यांत बसलेली असते ते पापुद्रे सोलून काढले तर बाकीचं राखता येतं.

आज तिन्ही काढायची वेळ येते ती गाठीने त्या रचनांना वेढा घातलेला असेल तरच. मानेत नोड असेल पण वेढा नसेल तर मॉडिफाइड रॅडिकल: पाचही लेव्हल जातात, पण नर्व्ह राखतात, आणि जमेल तर शीर आणि स्नायूही. आणि बाबांसारखी, नोड न लागणारी मान असेल तर सिलेक्टिव्ह: जिथे तोंडाचा कॅन्सर जातो त्या लेव्हल फक्त. म्हणजे हनुवटीखालची आणि जबड्याखालची (१), वरची आणि मधली जुग्युलर (२, ३). जिभेसाठी बरेच जण चौथीही घेतात, कारण जिभेचा आजार कधीकधी मधली पायरी गाळून खाली उतरतो. मानेच्या मागच्या त्रिकोणाला, म्हणजे पाचव्या लेव्हलला, नोड न लागणाऱ्या मानेत हात लावायची गरज नसते.

सिलेक्टिव्ह म्हणजे 'अर्धवट' असं घरच्यांना वाटतं. तसं नाही. ब्राझीलमध्ये नोड न लागणाऱ्या पेशंट्समध्ये सिलेक्टिव्ह विरुद्ध मॉडिफाइड अशी चिठ्ठी टाकून तुलना झाली होती, १९९८ मध्ये छापली. आजार परत येणं आणि जगणं यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

गुलबक्षी
माझं सिलेक्टिव्ह झालंय, गालाच्या आतल्या कॅन्सरसाठी. काकांच्या खांद्याची भीती मलाही होती, म्हणून कुणी सांगत नाही ते सांगते.

हात वर जातो. पण सुरुवातीला खांदा जड, आणि संध्याकाळी मानेच्या मुळाशी ओढ. केस विंचरताना हात अर्ध्यात थकायचा. नर्व्ह राखली तरी ऑपरेशनमध्ये ती बाजूला ओढून धरतात, त्यामुळे काही महिने ती रुसून बसते असं आमच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. कानाची पाळी आणि तिच्याखालचा भाग बधिर झाला. बाबांना सांगा, दाढी करताना तिथे ब्लेड लागलं तरी कळणार नाही, ट्रिमर वापरा. मी कानातलं घालताना पाळीला टोचून घेतलं होतं आणि रक्त कॉलरवर दिसल्यावर समजलं. माझ्या खालच्या ओठाची एक बाजू हसताना खाली उतरत नव्हती, फोटोत वाकडं दिसायचं. ते आपोआप सुटलं. बधिरपणा कमी झालाय पण पूर्ण गेलेला नाही.

सकाळी हनुवटीखाली सूज असते, दिवसभरात उतरते. उशी उंच घेतली की फरक पडतो.

जुनं_खोड
माझी १९८० च्या दशकातली रॅडिकल आहे. तेव्हा विचारायची पद्धतच नव्हती. डॉक्टर म्हणाले करायचं, केलं. जिवंत आहे ही कमाई! खांदा मात्र गेला तो गेला. कातरवेळ, काकांना पाहून बाबांनी ठरवू नये. आम्ही वेगळ्या जमान्यातले.

फिजिओताई
@जुनं_खोड, तेव्हा व्यायामही कुणी नीट लावून देत नसे, हेही खरं.

कातरवेळ, खांद्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच घरी चुका होतात. अ‍ॅक्सेसरी नर्व्ह दुबळी झाली की ट्रॅपेझियस स्नायू झोपतो. हात पुढून उचलता येतो, पण बाजूने उचलताना खांद्याच्या रेषेपाशी अडतो, आणि पाठीवरचं पातं बाहेर आल्यासारखं दिसतं. दुखतं म्हणून पेशंट हात पोटाशी धरून बसतो. काही आठवडे असं बसलं की सांधाच आखडतो. मग नर्व्ह सुधारली तरी हात जात नाही! हा दुसरा आजार आपणच ओढवून घेतलेला असतो.

सर्जननी परवानगी दिली की पहिल्या काही दिवसांतच हलके व्यायाम सुरू करायचे. आधी आडवं झोपून, दुसऱ्या हाताचा आधार देऊन. मग भिंतीवर बोटं चढवत नेणं. टाके निघाले, जखम बसली की पाती मागे ओढण्याचे आणि हळूहळू रबर बँडचे. वजन वाढवत नेणारे व्यायाम केलेल्यांचा खांदा नुसत्या साध्या हालचाली केलेल्यांपेक्षा चांगला होतो, यावर अभ्यास झालेले आहेत. जड पिशव्या त्या हाताने नकोत. छातीचा स्नायू फिरवून फ्लॅप लावला असेल तर वेळापत्रक वेगळं, सर्जनना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

ऑपरेशनच्या आधी एकदा दोन्ही खांदे तपासून हालचाल लिहून ठेवा. साठीच्या पुढे बऱ्याच जणांचा एक खांदा मुळातच आखडलेला असतो आणि नंतर सगळं खापर मानेच्या ऑपरेशनवर फुटतं.

आकडेमोड
सेंटिनेलचं राहिलं. फ्रान्स आणि जपानमध्ये स्वतंत्र चाचण्या झाल्या, २०२० आणि २०२१ मध्ये छापल्या. फ्रान्सच्या चाचणीत दोन वर्षांत मानेत आजार परत न आलेले: नेक डिसेक्शन ८९.६ टक्के, सेंटिनेल ९०.७. जपानमध्ये तीन वर्षांचं जगणं ८६.६ आणि ८७.९. म्हणजे जवळजवळ सारखंच, आणि सुरुवातीच्या काही महिन्यांत खांद्याचा त्रास सेंटिनेलमध्ये कमी. मग हेच का नाही करत सगळे? हा माझाही प्रश्न आहे, हेडनेकवाला सांगतील.

हेडनेकवाला
कागदावर उत्तम आहे. ट्यूमरभोवती किरणोत्सारी द्रव्य टोचायचं, ते ज्या नोडला आधी पोचतं तो स्कॅनवर आणि गॅमा प्रोबने शोधायचा, तेवढाच काढायचा. त्यात आजार नसेल तर बाकीची मान शाबूत.

अडचणी तीन. न्यूक्लिअर मेडिसिनची सोय आणि सराव असलेली टीम लागते. काढलेल्या नोडचे पातळ-पातळ काप करून विशेष स्टेन लावावे लागतात, एरवीसारखे दोन-तीन काप बघून चालत नाही. आणि नोडमध्ये आजार निघाला तर पुन्हा भूल देऊन उरलेली मान करावी लागते. जिभेच्या खालच्या तळाचा ट्यूमर असेल तर टोचलेल्या जागेचाच उजेड इतका असतो की शेजारचा नोड त्यात हरवतो. बाबांचा कडेचा आहे, त्यामुळे तो प्रश्न कमी. पण ज्या ठिकाणी हे नियमित होत असेल तिथेच करा. वर्षातून कधीतरी करणाऱ्याच्या हातून सेंटिनेल करून घेण्यापेक्षा रोज नेक डिसेक्शन करणाऱ्याच्या हातून नेक डिसेक्शन करून घेतलेलं बरं. हे माझं मत, वाद घालायला मोकळीक.

कातरवेळ
सगळ्यांचे आभार. बाबांना जुनं_खोड यांची पोस्ट वाचून दाखवली, त्यावर 'या माणसाशी बोलायला हवं' म्हणाले! पहिल्या सर्जनकडेच करायचं ठरवलं. त्यांना काय विचारू?

स्लाइडवाली
मी पॅथॉलॉजीत आहे, माझ्या बाजूने सांगते. नोड्स लेव्हलनुसार वेगवेगळ्या डब्यांत पाठवणार का, हे विचारा. सगळं एका डब्यात आलं तर आजार कुठल्या लेव्हलला होता ते आम्हाला सांगता येत नाही. रिपोर्ट आला की बघा: एकूण किती नोड्स मिळाले, किती बाधित, सगळ्यात मोठा जमाव किती मिलिमीटरचा, कवच फुटलंय का. १८ पेक्षा कमी नोड्स मिळाले असतील तर का, हे विचारायला हरकत नाही. कधी काढणं कमी झालेलं असतं, कधी आमच्याकडे शोधणं.

हेडनेकवाला
आणि सर्जनना विचारा: लेव्हल चार घेणार का? दुसऱ्या लेव्हलच्या मागच्या कोपऱ्याला (२-बी, नर्व्हच्या पलीकडचा) हात लावणार का? तिथे आजार क्वचित असतो आणि तिथेच नर्व्ह जास्त ताणली जाते, म्हणून काही सर्जन तो सोडतात. ऑपरेशन चालू असताना फुगलेला नोड दिसला तर फ्रोझन सेक्शन (नोड गोठवून तिथल्या तिथे तपासणं) करून पुढचं वाढवणार का? त्यासाठी संमतीपत्रावर आधीच लिहिलेलं असावं.

कातरवेळ
ऑपरेशन झालं. लेव्हल १ ते ४, डावी बाजू. तिन्ही रचना राखल्या. ड्रेनच्या फुग्यात आधी लाल, आता पिवळसर पाणी येतंय. नळीतून दूध सुरू केल्यावर पांढरट तर नाही ना, हे नर्स मुद्दाम बघून जाते. ते का?

हेडनेकवाला
डाव्या बाजूला, मानेच्या मुळाशी थोरॅसिक डक्ट असते, आतड्यातून शोषलेली चरबी वाहून नेणारी. चौथी लेव्हल काढताना तिला इजा झाली तर आहार सुरू होताच ड्रेन दुधासारखं होतं. पिवळसर पाणी ठीक आहे. एकदम वाढलं किंवा पांढरं झालं तर लगेच कळवा. बहुतेक वेळा चरबी बंद करून आणि दाब देऊन थांबतं.

कातरवेळ
रिपोर्ट आला. जिभेचे मार्जिन (कापलेल्या कडा) मोकळे, नसांभोवती किंवा रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही. मानेचे २४ नोड्स, २४ पैकी शून्य. ट्यूमर बोर्डाने (वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांच्या बैठकीने) रेडिएशन नको म्हणून सांगितलं.

शंकासुर
मनापासून आनंद झाला. पण एक खवचट शंका, नावाला जागतो: २४ पैकी शून्य म्हणजे मान विनाकारणच झाली की!

स्लाइडवाली
ते शून्य आज माहीत आहे ते २४ नोड्स काचेखाली आल्यामुळे. मान तशीच ठेवली असती तर त्या शून्याच्या जागी प्रश्नचिन्ह असतं आणि पुढची दोन वर्षं दर भेटीला हे लोक जीव मुठीत धरून बसले असते. शिवाय रेडिएशन टळलं तेही याच कागदावर. नोड्सचा हिशेब नसता तर बोर्डाला मानेबद्दल अंदाजाने ठरवावं लागलं असतं. रेडिएशनमुळे होणारं कोरडं तोंड, दातांचे हाल, थायरॉइड मंदावणं, हे सगळं टळलं.

शंकासुर
बरं, मान्य. (मान हा शब्द या धाग्यात आता जपून वापरायला हवा.)

फिजिओताई
व्यायाम?

कातरवेळ
भिंतीवर बोटं चढवणं सुरू आहे. पेन्सिलने खूण करतात आणि आईची बोलणी खातात. ट्रिमरही आणलाय. एक शेवटचं: उजव्या बाजूची मान केलेलीच नाही, तिचं काय?

हेडनेकवाला
ट्यूमर एका कडेला होता, मध्यरेषेपासून लांब, म्हणून उजवीकडे जायची शक्यता कमी. मध्यरेषा ओलांडली असती किंवा जिभेच्या टोकाला किंवा तोंडाच्या तळाला मधोमध असता तर दोन्ही बाजू केल्या असत्या. आता तपासणीला गेलात की दोन्ही बाजू हाताने बघितल्या जातायत ना याकडे लक्ष द्या, घाईत डावीच बघितली जाते. पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा. मानेत परत येणारा आजार बहुतांश पहिल्या दोन वर्षांतच येतो. मधल्या काळात मानेत कुठेही कडक, न दुखणारी गाठ लागली आणि दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर तारखेची वाट न बघता दाखवा. आणि तोंडात तंबाखू, सुपारी काही असेल तर ती पूर्ण बंद, कारण नवा कॅन्सर दुसऱ्या जागी उगवायला तीच जमीन असते.